नेटवर्किंगच्या प्रात्यक्षिक प्रमाणपत्र परीक्षेतील अपयश आणि महाविद्यालयीन अध्यापन

प्रस्तावना

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर राई, मुर्धे आणि मोरवा ही गावे एकामागून एक लागतात. खाडी, मिठागरे आणि भातशेती यांच्या आधारे पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या या परिसराभोवती शहर वाढत गेले. १९८५ मध्ये मीरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन झाली व २००२ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. या स्थित्यंतरात गावांतील तरुण नोकरीकडे वळले आणि त्यांपैकी काहींनी माहिती तंत्रज्ञानाची वाट धरली. मोरव्याहून बसने भाईंदर स्थानक गाठून पश्चिम रेल्वेने महाविद्यालयात येणारा आणि बी.एस्सी. (माहिती तंत्रज्ञान)च्या वर्गात बसणारा विद्यार्थी आज अपवादात्मक राहिलेला नाही. पदवीनंतर असा विद्यार्थी पुष्कळदा नेटवर्किंगच्या क्षेत्रात शिरतो. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातील डेटा सेंटरमध्ये रात्रपाळी करतो, सीसीएनए हे प्राथमिक प्रमाणपत्र मिळवतो आणि काही वर्षांच्या अनुभवानंतर सीसीआयई, म्हणजे सिस्को सर्टिफाइड इंटरनेटवर्क एक्स्पर्ट, या परीक्षेची स्वप्ने पाहू लागतो.

ही परीक्षा उत्तीर्ण कशी व्हावी हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. तीत अनुत्तीर्ण झालेल्याने त्या निकालाचे काय करावे आणि महाविद्यालयातील अध्यापकाचा त्याच्याशी कोणता संबंध पोहोचतो, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार केला आहे. संबंध काहीच नाही असे प्रथमदर्शनी वाटेल, कारण परीक्षा एका खासगी कंपनीची असते आणि परीक्षार्थी महाविद्यालय सोडून गेलेला असतो. तथापि अपयशाला सामोरे जाण्याची जी रीत तो अवलंबितो, ती त्याने महाविद्यालयाच्याच परीक्षागृहात आणि प्रयोगशाळेत आत्मसात केलेली असते.

परीक्षेचे स्वरूप

सीसीआयई परीक्षेचा प्रारंभ १९९३ मध्ये झाला. उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येकास आजन्म एक क्रमांक दिला जातो. हे क्रमांक १०२४ पासून सुरू झाले. पहिला क्रमांक कोणा व्यक्तीस न देता खुद्द प्रयोगशाळेस देण्यात आला. १०२५ हा परीक्षेची रचना करणारे स्टुअर्ट बिग्ज यांना मिळाला, तर १०२६ क्रमांक मिळविणारे टेरी स्लॅटरी हे कंपनीबाहेरचे पहिले उत्तीर्ण ठरले. दोनाचा दहावा घात असलेल्या संख्येपासून मोजणी सुरू करण्यातील गंमत संगणकशास्त्राच्या अध्यापकांच्या सहज ध्यानात येईल. हा क्रमांक पुढे नावाइतकाच मिरवला जातो, स्वाक्षरीखाली लिहिला जातो आणि नोकरीच्या अर्जात पहिल्या ओळीत येतो.

प्रारंभी प्रात्यक्षिक परीक्षा दोन दिवसांची होती. २००१ च्या ऑक्टोबरपासून ती एका दिवसाची, आठ तासांची झाली. २००९ मध्ये दोष शोधून दुरुस्त करण्याचा स्वतंत्र विभाग तीत आला. २०२० मध्ये सर्व प्रमाणपत्रांची फेररचना झाली, तेव्हापासून पहिले तीन तास आराखड्याचे आणि पुढील पाच तास प्रत्यक्ष उभारणी, देखभाल व सुधारणा यांचे असतात. पहिल्या विभागात एकदा दिलेल्या उत्तराकडे मागे वळून जाता येत नाही. परीक्षार्थीने लिहिलेला शब्द कोणी तपासत नाही. त्याने उभारलेले जाळे अपेक्षेप्रमाणे चालते की नाही, एवढेच पाहिले जाते. परीक्षेचे शुल्क १६०० अमेरिकी डॉलर, म्हणजे सव्वा लाखाहून अधिक रुपये आहे. भारतात कायमस्वरूपी केंद्र बेंगळुरू येथे असल्याने मुंबईकडील परीक्षार्थीस प्रवास व निवासाचा खर्च निराळा करावा लागतो.

या परीक्षेतील गुणांकनाचा एक विशेष असा की, येथे चुका एकट्या येत नाहीत. समजा, दोन स्विचमधील ट्रंक जोडणीवर एका व्ही-लॅनला परवानगी देण्याचे राहून गेले. त्या व्ही-लॅनवरील दोन राउटर एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून ओएसपीएफचा शेजारसंबंध जुळत नाही. तो न जुळल्याने एकमेकांचे मार्ग कळत नाहीत, आणि ते न कळल्याने लूपबॅक पत्त्यांवर अवलंबून असलेले बीजीपी सत्रही उभे राहत नाही. चूक एका ओळीची असते, पण तिच्यावर आधारलेल्या चार प्रश्नांचे गुण जातात, मग त्या चारही प्रश्नांतील आज्ञा अचूक का असेनात. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेत पहिला प्रश्न चुकल्यामुळे चौथ्याचे गुण कापले गेल्याचे कोणी ऐकले नसेल. त्यामुळेच तयारी पुष्कळ झालेला परीक्षार्थीही फार कमी गुणांवर अडकू शकतो, आणि निकालातील तो आकडा त्याच्या ज्ञानाचे यथार्थ माप असतोच असे नाही.

आणखी एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. उत्तीर्ण परीक्षार्थीस निकालपत्रात उत्तीर्ण झाल्याचे कळते आणि क्रमांक मिळतो. कोणत्या विभागात किती मिळाले, हे त्याला सांगितले जात नाही. विभागवार तपशील मिळतो तो अनुत्तीर्णास. ज्याला त्याची गरज आहे त्यालाच ही माहिती देण्यात परीक्षकांचे शहाणपण दिसते. परंतु बहुसंख्य अनुत्तीर्ण विद्यार्थी हा तपशील एकदा पाहून पत्र मिटवून टाकतात.

उत्तीर्णांचे शेकडा प्रमाण सिस्को कंपनी प्रसिद्ध करीत नाही. शिकवणीवर्गांतून सांगितले जाणारे आकडे ऐकीव आहेत आणि ते बहुधा शिकवणीचे शुल्क समर्थनीय ठरविण्यासाठी उच्चारले जातात. अनेकांना दोन, तीन किंवा त्याहून अधिक प्रयत्न करावे लागतात, एवढे मात्र या क्षेत्रात सर्वश्रुत आहे.

‘केटी’ची सवय

मराठी विद्यार्थ्यास अपयश अपरिचित नाही. दहावीत नापास झालेल्यांची ‘ऑक्टोबरची वारी’ हा शब्दप्रयोग दोन-तीन पिढ्यांनी थट्टेने वापरला. पुढे फेरपरीक्षा जुलैमध्ये होऊ लागली आणि ‘अनुत्तीर्ण’ या शेऱ्याच्या जागी ‘कौशल्य विकासास पात्र’ असा सौम्य शेरा आला. मुंबई विद्यापीठाच्या परिघात तर ‘एटीकेटी’ ही सोय आहे, आणि तिचे ‘केटी’ हे संक्षिप्त रूप बोलीत इतके रुळले आहे की ‘केटी लागणे’ व ‘केटी काढणे’ ही स्वतंत्र क्रियापदेच बनली आहेत. विषय राहिला तरी पुढच्या वर्गात बसता येते. मित्र सुटत नाहीत, घरी विशेष बोभाटा होत नाही, आणि सत्राअखेरीस त्याच टिपणांवर पुन्हा परीक्षा देऊन विषय सोडविता येतो. ही सोय मानवी आहे आणि ती असावी. तिने लावलेली एक सवय मात्र पुढे जाचक ठरते. ती सवय म्हणजे, अपयशानंतर पूर्वी जे केले तेच आणखी एकदा करावयाचे.

लेखी परीक्षेत ही रीत बऱ्याच अंशी खपून जाते, कारण प्रश्नांची पुनरावृत्ती होते आणि चाळीस टक्के गुण पुरतात. प्रात्यक्षिक परीक्षेत ती खपत नाही. जुनेच सराव-प्रश्न त्याच क्रमाने पन्नासदा सोडविणाऱ्यास त्या प्रश्नांचा वेग साध्य होतो, पण अनोळखी जाळ्यातील दोष ओळखण्याची नजर येत नाही. अँडर्स एरिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनमधील व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांच्या अभ्यासावरून ‘जाणीवपूर्वक सराव’ ही संकल्पना मांडली. तिचा गाभा सरावाच्या तासांच्या बेरजेपेक्षा सरावाच्या रोखात आहे. स्वतःच्या नेमक्या उणिवेवर बेतलेला आणि लगेच प्रतिसाद देणारा सराव तोच तेवढा या व्याख्येत बसतो. अनुत्तीर्णाचे विभागवार निकालपत्र म्हणजे अशा सरावाचा तयार आराखडाच होय.

केटीच्या सवयीचे दुसरे आणि अधिक घातक रूप म्हणजे ‘अपेक्षित’. शालेय वयापासून अपेक्षित प्रश्नसंचांवर पोसलेल्या विद्यार्थ्यास पहिल्या अपयशानंतर बाजारातून फुटलेले प्रश्न विकत घ्यावेत असे वाटणे आश्चर्याचे नाही. या क्षेत्रात त्यांना ‘डम्प’ म्हणतात. प्रत्येक परीक्षार्थीने प्रश्न गुप्त राखण्याच्या करारावर संमती दिलेली असते. भंग उघडकीस आल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते आणि पुढील परीक्षांचे दारही बंद होऊ शकते. याहून मोठी हानी नोकरीत होते. डम्पवर मिळविलेल्या क्रमांकाचा अभियंता मध्यरात्री एखाद्या बँकेचे जाळे बंद पडल्यावर काय करणार, हा प्रश्न त्याच्या वरिष्ठास पडतो, आणि मुलाखतीत तो पहिल्या दहा मिनिटांत पडतो.

निकालाचे वाचन

अपयशाची कारणे माणूस कशी लावतो यावर त्याची पुढील वर्तणूक अवलंबून असते, असे मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड वायनर यांनी १९७० च्या दशकापासून मांडलेल्या कारणारोपण-सिद्धान्तात दाखविले आहे. कारण आंतरिक की बाह्य, स्थिर की बदलते, नियंत्रणातील की नियंत्रणाबाहेरचे, या तीन अंगांनी ते पाहता येते. ‘आपल्यात तेवढी कुवत नाही’ हे कारण आंतरिक, स्थिर आणि नियंत्रणाबाहेरचे आहे. ते स्वीकारणारा पुन्हा प्रयत्न करण्याची शक्यता कमी असते. ‘पडताळणीस वेळ ठेवला नाही’ हे कारणही आंतरिकच आहे, पण ते बदलता येते.

मोरव्याच्या परिसरात याचे एक घरगुती उदाहरण सापडते. मिठागरात खाडीचे पाणी आटवून मीठ धरू लागले की अवकाळी पावसाच्या एका सरीने ते विरघळून जाऊ शकते. मीठ पिकविणाऱ्याचे नुकसान मोठे होते, पण त्यावरून कोणी त्याला मंदबुद्धी ठरवीत नाही. पाऊस गेला की पाणी पुन्हा घेतले जाते. अशा घरातील मुलगा परीक्षेत अपयशी ठरला, तर मात्र घर, शेजार आणि तो स्वतः, तिघेही त्याच्या बुद्धीचाच निवाडा करतात. अर्थात परीक्षा म्हणजे पाऊस नव्हे. सर्व दोष बाहेर ढकलणेही तितकेच निरुपयोगी, कारण ‘परीक्षकच कडक होता’ या कारणावर सराव करता येत नाही.

म्हणून अपयशानंतरचे पहिले काम शोक आवरण्याचे नसून नोंद करण्याचे आहे. निकाल साधारणपणे ४८ तासांत कळतो. तो येण्यापूर्वीच, स्मरण ताजे असताना, परीक्षार्थीने आपला दिवस तासागणिक लिहून काढावा. प्रश्न लिहू नयेत, कारण तो करारभंग होईल आणि त्याचा उपयोगही नाही. कोणत्या तासाला कोणत्या प्रकारच्या कामात होतो, कोठे अडकलो, अडकल्यावर किती वेळाने सोडून दिले, केलेल्या कामापैकी किती प्रत्यक्ष चालवून पाहिले, हे लिहावे. निकालातील टक्केवारी नंतर या नोंदीशेजारी ठेवून वाचावी. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय अपयशाची जात कळत नाही.

ही जात कळणे महत्त्वाचे आहे, कारण प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे. विषयच ठाऊक नसणे ही सर्वांत सोपी जात होय. मल्टिकास्ट किंवा पायथनद्वारे स्वयंचलन कच्चे असेल तर पुस्तक उघडावे लागते, एवढेच. वेग अपुरा पडणे ही दुसरी जात, आणि तिच्यावर घड्याळ लावून केलेल्या सरावाचा उपाय लागू पडतो. याहून फसवी जात वाचनाची आहे. ‘स्थिर मार्ग वापरू नयेत’ अशी अट प्रश्नपत्रिकेच्या आरंभी असते. सहाव्या तासाला थकलेला परीक्षार्थी स्थिर मार्ग घालून जाळे चालू करतो, पिंगला उत्तर येते, तो समाधानाने पुढे जातो आणि त्या प्रश्नाचे सर्व गुण गमावतो. त्याच्या लेखी तो प्रश्न बरोबर आलेला असतो. ‘सगळे बरोबर केले होते, तरी नापास केले’ या तक्रारीचे मूळ बहुधा येथे असते. ही तक्रार करणारा खोटे बोलत नसतो. आपले जाळे त्याने पाहिलेले असते, पण अट पुन्हा वाचलेली नसते.

पडताळणीचा अभाव ही याच जातीची बहीण होय. आज्ञा देणे आणि ती लागू झाली आहे हे पाहणे ही दोन कामे आहेत. कसलेला अभियंता प्रत्येक टप्प्यानंतर शेजारसंबंध, मार्गसारणी आणि पिंग तपासतो, कारण ट्रंकवरील चूक तिसऱ्या मिनिटाला सापडली तर ती एका ओळीची असते, सातव्या तासाला सापडली तर ती कोठे आहे हे शोधण्यातच उरलेला वेळ जातो. कामाची साठवण करणे विसरणे हा याच दुर्लक्षाचा लहान पण जीवघेणा प्रकार आहे.

भीतीचा उल्लेख सहसा शेवटी होतो. लीबर्ट आणि मॉरिस यांनी १९६७ मध्ये परीक्षाभयाचे दोन घटक वेगळे केले. एक, छातीत धडधडणे, हात गार पडणे यांसारखी शारीरिक उत्तेजना; दुसरा, ‘हे जमले नाही तर काय होईल’ असा विचारांचा फेरा. कामगिरीला बाधा आणतो तो मुख्यतः दुसरा घटक. सव्वा लाख रुपये खर्चून बसलेल्या परीक्षार्थीच्या मनात हा फेरा सुरू न होणेच नवल. त्याला ‘घाबरू नकोस’ असे सांगून काही साधत नाही. पंधरा मिनिटांत वाट न सापडल्यास प्रश्न सोडून पुढे जावयाचे, असा नियम आधी ठरवून आणि सरावात पाळून ठेवला असेल, तर मात्र अडकल्या क्षणी करावयाचे काम हाती असते.

घर, पैसा आणि पुढचा प्रयत्न

पुन्हा परीक्षा केव्हा द्यावी, हा प्रश्न घरात निराळ्या रूपाने येतो. शेजारचे काका ‘लागला का रे निकाल?’ असे सहज विचारतात, आणि आठ तासांची परीक्षा, ट्रंक व बीजीपी यांचा खुलासा ओट्यावर करता येत नाही. बहुतेक तरुण ‘अजून नाही’ एवढे सांगून विषय टाळतात. आईवडिलांशी तरी ही टाळाटाळ करू नये, कारण पैसा पुष्कळदा त्यांचाच असतो, आणि दुसऱ्या प्रयत्नाचा निर्णय त्यांच्या अपरोक्ष कर्ज काढून घेतला गेल्यास तिसऱ्या वेळी परीक्षेपेक्षा हप्त्याची भीती मोठी होते.

पहिल्या अपयशानंतर मिळेल ती पहिली तारीख घेण्याकडे कल असतो. आवेश ओसरण्यापूर्वी परीक्षा द्यावी, असे त्यामागचे तर्कशास्त्र. हे केवळ एका स्थितीत शहाणपणाचे ठरते. नोंद आणि निकाल यांवरून उणीव लहान व नेमकी असल्याचे दिसत असेल तर. उणीव तीन-चार विभागांत पसरली असेल, तर मुख्य लेखी परीक्षेची तीन वर्षांची मुदत लक्षात घेऊन सहा महिन्यांचा सराव आखणे श्रेयस्कर. पूर्वी सरावासाठी खरे राउटर भाड्याने घ्यावे लागत. २००५ च्या सुमारास डायनामिप्स व त्यानंतर जीएनएस-३ यांसारखी साधने आल्यापासून घरच्या संगणकावर बरेचसे जाळे उभारता येते, म्हणून सरावाचा खर्च आता मुख्यतः वेळेचा आहे.

थांबण्याचाही विचार मोकळेपणाने व्हावा. नेटवर्किंगमध्ये सन्मानाने काम करणाऱ्या अभियंत्यांपैकी बहुसंख्यांकडे सीसीआयई क्रमांक नसतो. ज्याचे काम मुख्यतः क्लाउड किंवा सुरक्षा यांच्याकडे वळले आहे, त्याने केवळ दिलेली दोन शुल्के वाया जाऊ नयेत म्हणून तिसरे भरणे हा हिशेब अर्थशास्त्राचा कोणताही अध्यापक मान्य करणार नाही. गेलेला पैसा पुढच्या निर्णयात मोजावयाचा नसतो. तयारीत मिळविलेले कौशल्य मात्र थांबल्याने परत जात नाही.

महाविद्यालयाची प्रयोगशाळा

अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वसामर्थ्यबोधाचे चार स्रोत सांगितले : स्वतः पार पाडलेले काम, आपल्यासारख्या दुसऱ्याचे यश पाहणे, शब्दांनी दिलेला धीर आणि स्वतःच्या शरीरस्थितीचे आकलन. यांत पहिला स्रोत सर्वांत प्रबळ, आणि शाब्दिक धीर तुलनेने दुर्बळ. माजी विद्यार्थी निकाल घेऊन भेटावयास येतो तेव्हा अध्यापक मात्र नेमका हाच दुर्बळ स्रोत वापरतात. ‘होईल रे पुढच्या वेळी’ हे वाक्य प्रेमळ आहे. पण निकालपत्र मागून घेऊन, ‘दोषनिवारणात गुण का गेले, ते अर्धा तास बसून पाहू’ असे म्हणणे त्याच्या अधिक कामी येते.

तथापि खरा प्रश्न त्याआधीचा आहे. पदवी अभ्यासक्रमाच्या प्रात्यक्षिकांत विद्यार्थ्यास अपयशाचा अनुभव येतच नाही, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये. प्रयोगांची यादी वर्षारंभीच ठाऊक असते. पॅकेट ट्रेसरवर जाळ्याची आकृती हस्तपुस्तिकेतून जशीच्या तशी उतरविली जाते. फलित आले नाही तर शेजारच्या संगणकावरील फलित जर्नलमध्ये चिकटते, सही होते. परीक्षेच्या दिवशी प्रमाणित जर्नल आणि तोंडी परीक्षेतील दोन व्याख्या बहुतेकांना तारून नेतात. या व्यवस्थेमागे वाईट हेतू नाही. तीस संगणकांवर साठ विद्यार्थी आणि दोन तासांची तुकडी असेल, तर अध्यापक आणखी काय करणार? परिणाम मात्र असा होतो की, समोरचे जाळे चालत नाही, कारण ठाऊक नाही आणि घड्याळ पुढे सरकते आहे, हा अनुभव विद्यार्थ्यास प्रथमच येतो तो नोकरीत किंवा सव्वा लाख रुपये भरलेल्या परीक्षेत.

हा अनुभव स्वस्तात देणे महाविद्यालयास अशक्य नाही, आणि त्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याचीही गरज नाही. सत्रातील दोन तासिकांत चालू जाळ्याची फाइल अध्यापकाने आधीच बिघडवून ठेवावी : एका ठिकाणी सबनेट मास्क चुकीचा, एका ट्रंकवर व्ही-लॅन वगळलेले, एका इंटरफेसवर ‘शटडाउन’. विद्यार्थ्यास दोष किती हे सांगावे, कोठे हे सांगू नये, आणि तीस मिनिटे द्यावीत. गुण केवळ जाळे चालण्यास असावेत. पहिल्या तासिकेत बहुतेकांना ते जमणार नाही, हे गृहीत धरून पुढील आठवड्यात वेगळ्या दोषांसह दुसरी संधी ठेवावी, आणि अंतिम गुणांत दुसऱ्या प्रयत्नाचेच धरावेत.

या दोन तासिकांच्या मधल्या आठवड्यात जर्नलमध्ये एक पान सक्तीचे असावे. त्यावर फलिताची छायाप्रत नको. कोठून शोधण्यास सुरुवात केली, कोणती शंका आधी आली, ती चुकीची असल्याचे केव्हा कळले आणि तीस मिनिटे कशी गेली, एवढेच विद्यार्थ्याने आपल्या भाषेत लिहावे. सही करण्यापूर्वी अध्यापकाने ते वाचावे. साठ पाने वाचण्यास एक दुपार लागते.